साक्षीचा दाणा

हात पहिला: मालकाचा

शिवणखान्यातल्या सगळ्या बायका भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. यंत्रं बंद, खिडक्या बंद. मधोमध स्टुलावर मालकानं बोलावलेला दाणेबाबा बसला होता. त्यानं ओल्या मडक्यात हात घातला, बोटाच्या पेराएवढा एक तपकिरी, चकचकीत दाणा काढला आणि मालकाच्या तळहातावर ठेवला.

"हे पाताळातल्या झाडाचं बी! निष्पाप हातात निजतं, पाप्याच्या हातात जागं होतं! याला लाच चालत नाही, वशिला चालत नाही, रजेचा अर्जसुद्धा चालत नाही!"

दाणा ढिम्म.

"मालक, तुम्ही म्हणजे धुतल्या तांदळासारखे!"

कुणी हसलं नाही. काजं करणारी म्हातारी आदल्या दिवशी यंत्रावरच कोसळली होती आणि दवाखान्यात अजून शुद्धीवर आली नव्हती. त्याआधीही कितीजणी चक्कर येऊन पडल्या होत्या. मालकाचं म्हणणं, ही कुणाची तरी करणी आहे. जिच्या हातात दाणा हलेल तिचं काम गेलं, आणि माडीवरची राहती खोलीही गेली.

हात दुसरा: मुकादमबाईचा

नाही हलला.

"दाण्याला तहान लागते," असं म्हणत बाबानं तो परत मडक्यात सोडला.

हात तिसरा: रिकामा

हा हात दारात उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईचा. ती दातांची डॉक्टर. इथंच शिवणकाम करणाऱ्या नणंदेचा फोन आला तशी दवाखाना अर्ध्यावर टाकून आली होती.

"वहिनी, लगेच ये. सगळ्या माझ्याकडेच बघतायत. म्हणतात, सगळ्या पडतात, मग हीच कशी पडत नाही?"

डॉक्टरीणबाईला अळ्या पाळायचा नाद. रस्त्यानं जाताना झाडाखाली बारीक काळ्या लेंड्या दिसल्या की थांबायची, पानं उलटून बघायची, अळी सापडली की फांदीसकट घरी आणायची. घरात बरण्याच बरण्या, तोंडाला मलमल बांधलेल्या. शेजारी म्हणायचे, "लोकांच्या दातांतली कीड काढते आणि घरात किडे पाळते!"

तिला दाणा लांबून नीट दिसत नव्हता. ती पुढं सरकली.

हात चौथा: नणंदेचा

"ये, पोरी," बाबा म्हणाला. आवाजात मध होता.

या वेळी मात्र त्याचा हात मडक्यात गेला नाही. तो कमरेच्या कनवटीत गेला. तिथून निघालेला दाणा नणंदेच्या तळहातावर पडला आणि त्याचं टोकदार शेपूट गर्रकन फिरलं. एकदा. परत एकदा.

"हलला! गं बाई, हलला!"

भिंत सोडून बायका एकदम पुढं आल्या. कुणीतरी तिचा डबा उचलून दाराबाहेर भिरकावला. मुकादमबाईनं तिचं मनगट धरलं. नणंद रडली नाही. "वहिनी," एवढंच म्हणाली.

"हात सोडा तिचा," डॉक्टरीणबाई म्हणाली. "हे बी नाही. कोष आहे. या बघा कड्या, हे मिटलेले पंख, हे डोळे. अळी मातीत शिरते आणि असा कोष करते. आतला पतंग जिवंत असतो. उबेत ठेवला की चाळवतो, थंडीत गप्प पडतो."

"तुला काय ठाऊक?" बाबा खेकसला.

"माझ्या फ्रिजमध्ये चार आहेत, दह्याच्या भांड्याला लागून. नवरा रोज बोंबलतो."

तिनं मडकं उलटं केलं. फरशीवर बर्फ घरंगळला आणि त्यातून तीन कोष.

पुन्हा मालकाचा

"यातला एक घ्या, मालक. मूठ मिटा."

"मी कशाला?"

"तुम्ही धुतल्या तांदळासारखे ना?"

मालकानं मूठ मिटली. सगळे वाट बघत राहिले. काही होईना. डॉक्टरीणबाईला शंका आली. बर्फात जास्त वेळ राहून मेला असेल तर? बायकांचं कडं नणंदेभोवती आवळत चाललं होतं. मुकादमबाई म्हणाली, "पुरे झाली थेरं."

तेवढ्यात मालक किंचाळला आणि त्यानं हात झटकला. कोष डॉक्टरीणबाईनं वरच्यावर झेलला आणि मुकादमबाईच्या हातात दिला. तिथंही तो फिरला.

"आता काढा दोघांनाही बाहेर," मागून एक बाई म्हणाली.

"आणि ही का पडत नाही ते मी सांगते," डॉक्टरीणबाई म्हणाली. "ही खिडकीपाशी बसते आणि सारखी खिडकी उघडते. कापडावर धूळ बसते म्हणून मालक तिच्यावर ओरडतात. तुमच्या इस्त्र्या निखाऱ्यांवर तापतात. बंद खोलीत निखाऱ्यांचा जो वायू साचतो त्याला ना रंग, ना वास. त्यानं डोकं जड होतं, चक्कर येते, माणूस मरतो. म्हातारीच्या डॉक्टरांना मी आत्ताच कळवते. मालक, तुमच्या काचेच्या केबिनमध्ये आजवर कुणी पडलंय?"

नणंदेनं जाऊन आपली खिडकी सताड उघडली.

हात शेवटचा: बाबाचा

तो हात गुपचूप झोळी आवरत होता.

"तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला काय सांगणार! मागच्या मुक्कामी एका बाईच्या हातात हलला, तर तिनं कबूलसुद्धा केलं. सगळ्यांसमोर. पायावर डोकं ठेवून!"

"मग? कुठं आहे ती आता?"

बाबानं चपलेत पाय सरकवला.

"विचारतेय मी. त्या बाईचं काय झालं?"

मग मुकादमबाईनंच जाऊन दाराला आतून कडी घातली आणि म्हणाली, "पोलिसांना बोलावतेय, ते येईपर्यंत बस इथंच."

आणि तुमचा

उद्या तुमच्या दारातही कुणी असा चमत्कार घेऊन येईल. वेगळं मडकं असेल, वेगळी बडबड असेल. तेव्हा तो आधी स्वतःच्या हातात घ्या. उलटा करून बघा. थंड आहे की गरम, विचारा. दुसऱ्याच्या मनगटाला हात घालायच्या आधी एवढं करा. त्या मागच्या मुक्कामी एवढं करणारं कुणीच नव्हतं.