हसुरामाची बाज

कामोठ्यातल्या ज्या शाळेत किशोरी मढवी उपमुख्याध्यापिका होती, तिथं दिल्लीच्या एका मोठ्या शिक्षणसंस्थेचे दोघे पाहुणे यायचे होते. त्यांच्याशी हातमिळवणी झाली तर शाळेचं नाव होणार होतं, आणि विश्वस्त हेतल मॅडमच्या तोंडी त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. पाहुण्यांना इथलं, या मातीतलं काहीतरी दाखवावं असं ठरलं, तेव्हा आंबेखारचं नाव किशोरीनंच सुचवलं.

आंबेखारला क्रांतिवीर हसुराम घरतचं घर आहे. इंग्रजांच्या काळात मिठागरांतल्या मजुरांना घेऊन हा माणूस सरकारशी आणि खोतांशी लढला, खाडीच्या तिवरांत लपून राहिला आणि शेवटी पोलिसांच्या कोठडीत मेला. त्याचं घर गावानं जपलंय. पडवी, माजघर, आतली लहानशी खोली, बस. भिंतीवर चार फोटो, कंदील, मिठागरातली अवजारं आणि आतल्या खोलीत त्याची सुंभानं विणलेली बाज. किशोरी दरवर्षी सातवीच्या मुलांना तिथं घेऊन जायची. सगळं तिला तोंडपाठ होतं.

तिचे वडील तुळशीराम तिच्या भावाकडे, उलव्याला राहायचे. गाव विमानतळात गेलं तेव्हापासून चौथ्या मजल्यावर. पाहुण्यांचं त्यांना सुनेकडून, भामाकडून कळलं. त्यांनी फोन केला.

"बाय, हसुरामाच्या घरी चाललीस नं? मनापण ने. माजा बापूस त्याच्या गोष्टी सांगायचा. आजून बगला नाय मी ता घर."

किशोरीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. तिच्या डोळ्यांपुढे हेतल मॅडमची पांढरी गाडी आली, थंडगार, अत्तराच्या वासाची. त्यात तुळशीराम बसलेत, मोठ्यानं खाकरतायत, पाहुण्यांना "तुमी कनच्या गावचे?" विचारतायत.

"बाबा, गाडीत जागा नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही रिक्षानं या. मी तिथं भेटते."

गाडीत एक जागा होती.

रविवारी तयारी बघायला ती गाडीतून न जाता रिक्षानं पाहुण्यांच्या आधी पोचली. तुळशीराम पडवीच्या पायरीवर बसले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात नायलॉनची पिशवी. सदरा पाठीला चिकटला होता. ऑक्टोबरचं ऊन सकाळीच तापलं होतं. मोठ्या रस्त्यापाशी रिक्षावाल्यानं उतरवलं म्हणून ते तिथून चालत आले होते.

"करंज्याची सुकट हाय," पिशवी पुढे करत ते म्हणाले. "भामानी तुज्यासाठी दिली."

सुक्या मासळीचा वास पिशवीच्या बाहेर येत होता. किशोरीनं मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. "बाबा, ती तुमच्याकडेच ठेवा आता. आणि एक ऐका. पाहुणे मोठे आहेत, शाळेचं काम आहे. तुम्ही आत जाऊन सावकाश बघत बसा. मी त्यांच्याबरोबर असेन. मध्ये हाक नका मारू."

"नाय मारत," तुळशीराम म्हणाले. तेवढ्यात गाडीचा हॉर्न ऐकू आला. किशोरीनं त्यांना दंडाला धरून उठवलं आणि जवळजवळ आत ढकललं.

पाहुणे चांगले होते. एक वयस्क बाई आणि एक उंच गृहस्थ. दोघं प्रत्येक फोटोपुढे थांबत होते, विचारत होते. स्मारक ट्रस्टचा अविनाश घरत पुढे पुढे करत होता. तो हसुरामाच्या भावकीतला. घराची देखभाल त्याच्याकडे होती आणि त्याला ती मनापासून प्रिय होती. माजघरात किशोरी हिंदीतून सांगत होती, मध्येच इंग्रजी वापरत होती, आणि हेतल मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान होतं. वडील दिसत नव्हते. बरं झालं, असं तिच्या मनात आलं.

मग सगळे आतल्या खोलीच्या दाराशी आले आणि अविनाश ओरडला.

बाजेपुढे आडवी बांधलेली दोरी ओलांडून, हुतात्म्याच्या बाजेवर एक म्हातारा कुशीवर झोपला होता. पायातल्या चपला नीट काढून भिंतीशी ठेवलेल्या. टोपी छातीवर. सुकटीची पिशवी उशाशी. तोंड थोडं उघडं होतं आणि तो घोरत होता.

"ए! ऊठ! ऊठ आधी!" अविनाशनं त्यांचा खांदा गदागदा हलवला. "लाज नाय वाटत? पाटी वाचता येत नाय? हुतात्म्याची बाज हाय ती!"

तुळशीराम दचकून उठले. कुठं आहोत ते त्यांना कळेना. उतरायला गेले तसा पाय सुंभात अडकला, आणि जुन्या सुंभाचा एक पदर फाडकन तुटला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. पाहुणीनं वासानं नाकाला रुमाल लावला. उंच गृहस्थ कसनुसे हसले.

"चक्कर आली," तुळशीराम पुटपुटले. "जरा टेकलो..."

"कुणाबरोबर आलाय हा?" अविनाशनं वळून विचारलं. आणि सगळ्यांत स्थानिक किशोरीच, म्हणून त्यानं तिलाच विचारलं, "मॅडम, तुमच्या शाळेतले आहेत का कोणी? ओळखता तुम्ही यांना?"

तुळशीरामांनी मुलीकडे पाहिलं. त्या नजरेत मदतीची मागणी होती, एवढंच. लहान मूल पडल्यावर आईकडे पाहतं तशी.

"नाही," किशोरी म्हणाली. "मी नाही ओळखत."

शब्द किती सहज निघाले याचं तिलाच आश्चर्य वाटलं. वडिलांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्यांनी फक्त डोळे खाली केले, टोपी उचलली, आणि अविनाशकडे वळून हात जोडले.

"मी एकलाच आयलोय, दादा. चुकी झाली. माफ करा." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, तुमालापण तरास झाला."

मॅडम. अविनाशनं त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. चपला त्यांनी हातात घेतल्या होत्या.

किशोरीला वाटलं, आता पळत जावं. पण हेतल मॅडम तिच्या दंडाला स्पर्श करून हळूच म्हणाल्या, "किशोरी, तो प्रसंग सांग ना. बायकोचा. तू फार सुंदर सांगतेस." आणि पाहुणे तिच्याकडे बघत होते.

तो प्रसंग ती दरवर्षी सांगायची. पोलिसांनी हसुरामाला तिवरांत गाठलं, पायात गोळी घातली. पण पकडलेला माणूस हसुरामच, याची त्यांना खात्री नव्हती. ते त्याला फरफटत या घराच्या दारात घेऊन आले. त्याच्या बायकोला, रंभाला, बाहेर बोलावलं. हा तुझा नवरा का? हो म्हटलं असतं तर रात्रीत गाव उठवलं असतं, साथीदारांची घरं जाळली असती. रंभानं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"और रंभाने कहा," किशोरी सांगू लागली, आणि पुढचं वाक्य ती नेहमी रंभाच्या बोलीतच म्हणायची, कारण ते तसंच लागायचं मनाला. "मी याला वळकत नाय."

पुढचं सांगायचं होतं. हसुराम तिच्याकडे न बघता मान खाली घालून गेला, आणि तिनं दार लावून घेतल्यावर आत काय केलं ते कुणाला कधी कळलं नाही. किशोरीच्या तोंडून एक अक्षर निघेना. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

पाहुणीचेही डोळे भरून आले. "किती आतून सांगता तुम्ही," ती हिंदीत म्हणाली आणि तिनं किशोरीला जवळ घेतलं. उंच गृहस्थांनी टाळी वाजवली, मग हेतल मॅडमनी, मग परत आलेल्या अविनाशनंही. त्या चिमुकल्या खोलीत टाळ्या फार मोठ्यानं वाजल्या. रंभानं ते शब्द नवऱ्याच्या माणसांना वाचवायला उच्चारले होते. मी कुणाला वाचवलं? तिनं स्वतःला विचारलं. उत्तर इतकं क्षुल्लक होतं, की ते मनातसुद्धा पुरतं म्हणवेना.

"मी आलेच," असं म्हणून ती बाहेर धावली. पडवीत कुणी नव्हतं. विहिरीपाशी नव्हतं. रस्त्यावर दूर, डंपरांच्या धुळीत, पांढरा सदरा दिसला.

"बाबा!"

ते थांबले नाहीत. ऐकू गेलं नसेल, किंवा गेलं असेल. ती साडी सावरत पळत गेली आणि त्यांच्यापुढे उभी राहिली. धाप लागली होती.

"चला परत. मी सांगते सगळ्यांना. मी सांगते, हे माझे बाबा आहेत."

"येडी हायस का?" तुळशीराम इकडेतिकडे बघत हळू आवाजात म्हणाले. "आता सांगशील तं काय बोलतील? मंगाशी खोटा का बोललीस, आसा बोलतील. तुजी नोकरी हाय. जा तू."

"बाबा, मला..."

"माजीच चुकी झाली. डोल्यापुडं आंदारी आली, तवा टेकलो. झोप कदी लागली कललाच नाय." त्यांनी सदऱ्याची बाही झटकली. "त्या घरताच्या पोराचा काय चुकला नाय. त्याचा बराबर हाय."

एक रिक्षा आली. तिनं हात केला. बसताना त्यांनी तिला मदत करू दिली, एवढंच. "घरी जाऊन साखर-पाणी घ्या," ती म्हणाली. ते हो म्हणाले. रिक्षा गेली. मग ती खरोखरच परत गेली, पाहुण्यांबरोबर नारळपाणी प्याली आणि अभिप्रायाच्या वहीत त्यांनी तिच्याबद्दल लिहिलेले दोन शब्द वाचून "थँक यू" म्हणाली.

संध्याकाळी ती उलव्याला गेली. दार भामानं उघडलं, हसतमुखानं.

"या वन्सं. बाबांचा सांगून सांगून तोंड दुखला आज."

"काय सांगितलं?"

"आवो, तुमी त्यांना सगल्यांची वलख करून दिली, दिल्लीच्या मानसांनी पाया पडून नमस्कार केला, मॅडमनी खुर्ची दिली. बाबा लय खूश हायत."

तुळशीराम खिडकीशी बसले होते. त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि अगदी किंचित मान हलवली. गप्प राहा, अशी.

किशोरी सोफ्याच्या कडेवर बसली. भामा चहा ठेवायला आत जाऊ लागली. खोटं तयार होतं, वडिलांनी स्वतः तिच्यासाठी विणलेलं. नुसतं हसायचं होतं.

"वहिनी, थांब," ती म्हणाली. "असं काही झालं नाही. बाबांना तिथून हाताला धरून बाहेर काढलं. मला विचारलं, यांना ओळखता का. मी नाही म्हटलं."

भामा दारातच थांबली. तिनं सासऱ्याकडे पाहिलं, मग नणंदेकडे, आणि स्वयंपाकघरात गेली.

"कशाला सांगितलास?" तुळशीराम चिडले. किशोरीनं त्यांना इतक्या वर्षांत आपल्यावर चिडलेलं पाहिलं नव्हतं. "मी बराबर करून ठेवला व्हता. आता ती पोरगी मना बगंल तवा तिला तेच दिसंल. तुजा मन हलका झाला. माजा काय?"

खरं बोलूनही आपण त्यांचीच वस्तू हिसकावली, हे तिला त्या क्षणी कळलं. ती उठली, त्यांच्या पायांशी बसली. त्यांनी पाय आखडून घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. भामानं चहा आणून दिला तो तिघांनी प्यायला.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती हेतल मॅडमच्या केबिनमध्ये गेली. रात्रभर तिनं वाक्यं जुळवली होती. मॅडम काय म्हणतील, त्यांचा चेहरा कसा पडेल, आपल्या जागी कोण येईल, इथपर्यंत तिनं सगळं पाहून ठेवलं होतं.

"मॅडम, काल बाजेवर झोपलेले ते माझे वडील होते."

हेतल मॅडमनी चष्मा काढला. "काय सांगतेस? अगं, मग बोलायचं ना तेव्हाच! बिचाऱ्यांना चक्कर आली होती. आपण गाडीतून सोडलं असतं. माझे पप्पा तर गेल्या वर्षी देरासरात, म्हणजे आमच्या जैन मंदिरात झोपले होते, महाराजांच्या पाटावर!" त्या मनापासून हसल्या. "पाहुण्यांनाही काही वाटलं नसतं. तू इतकी का घाबरलीस?"

किशोरी उभीच राहिली. मॅडम रागावल्या असत्या, तर निदान भ्यायला काही कारण होतं असं म्हणता आलं असतं. आता तेवढंही उरलं नाही. ज्या भीतीपायी तिनं आपल्या वडिलांना परकं केलं, तसं काही नव्हतंच तिथं.

"बस ना," मॅडम म्हणाल्या. "पाणी देऊ का?"

"नको," ती म्हणाली, आणि तशीच बाहेर पडली.

उलव्याला पोचली तेव्हा तुळशीराम इमारतीच्या खाली, बाकावर, दोघा म्हाताऱ्यांबरोबर बसले होते. तिला पाहून ते सरकले. ती त्यांच्या शेजारी बसली.

"ही माजी लेक," त्यांनी सोबत्यांना सांगितलं. "शालंत मोठी मॅडम हाय."

म्हाताऱ्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. किशोरीनं हात जोडले. तिला वर बघवेना.