नके, दगड!

चांगदेवच्या जुन्या हिलमन मोटारीला चढ दिसला की धाप लागायची. शिरूरहून न्हावऱ्याकडं निघालं की वाटेत एक चढ लागतो. बैलगाडीवाला काही त्याला चढ म्हणणार नाही. पण तिथं आलं की हिलमन आधी कण्हायची, मग कुंथायची आणि निम्म्यात चक्क उभी राहायची. मग चांगदेव खिडकीतून मान बाहेर काढून ओरडायचा, "नके, दगड!"

की मागच्या दारातून परकर सावरत एक पोर उडी मारायची. हातात नारळाएवढा काळा दगड. तो ती मागच्या चाकाला लावायची, कारण गाडीचा हँडब्रेक नावालाच होता आणि पायाचा ब्रेक दोनतीनदा दाबल्याशिवाय धरत नसे. उतारू खाली उतरून चालत चढ चढायचे, हलकी झालेली गाडी त्यांच्यामागं रडतखडत वर यायची आणि दगड काखोटीला मारून नकुशी सगळ्यांच्या मागून पळत यायची. लोक चेष्टा करायचे, की चांगदेवच्या गाडीत बसायचं तर पायताण चांगलं पाहिजे.

नकुशी ही चांगदेवची चौथी मुलगी. तीन मुलींच्या पाठीवर हीही मुलगीच म्हटल्यावर चांगदेवच्या आईनं, ताईबाईनं, बारशालाच नाव ठेवून टाकलं. देवाला कळावं, की आता मुली पुरे. आईपुढं बोलायची चांगदेवची टाप नव्हती, पण ते नाव त्याला कायम टोचत राहिलं. त्यानं त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला. नकोशी म्हणता ना, मग मी हिला सोडणारच नाही. गाडी जिथं, तिथं नकुशी. पेशंट असो, पाहुणे असोत, लग्नाचं वऱ्हाड असो, मागच्या शिटाच्या कोपऱ्यात नकुशी आणि तिच्या पायाशी दगड. ही गाडी मुळात शिरूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची. ते पुण्याला मुलाकडं गेले तेव्हा जुन्या ड्रायव्हरला ती देऊन गेले. चांगदेव म्हणायचा, "देवानं दोन लक्षुम्या दिल्या. एक चालती, एक चालवून घ्यायची."

तर अशा या नकुशीचं लग्न ठरलं. स्थळ दौंडचं. सासरा सोपानराव रेल्वेच्या लोको शेडमध्ये कोळशाच्या इंजिनावर फायरमन. मुलगाही तिथंच चिकटलेला. सुपारी फुटली त्या दिवशी चांगदेवनं घरात जाहीर केलं,

"नकी सासरी जाईल ती आपल्याच गाडीत. आन् उंबऱ्यापस्तोर तिचा पाय मातीला लागणार न्हाई. एवढी वर्सं तिनं गाडीला टेकू दिला, आता एक दिस गाडी तिला न्हेईल."

"आन् त्यो चढ?" त्याची बायको धुरपदा म्हणाली.

"त्याचंच बघतो," चांगदेव म्हणाला आणि बन्सीच्या गॅरेजकडं गेला.

नगर रोडला बन्सीचं गॅरेज होतं आणि मागं लिंबाखाली मिलिटरीच्या लिलावातली एक जीप पडून होती. पत्रा गंजून चाळण झालेला, पण इंजिन ठणठणीत. बन्सीला ते कुणाच्या तरी पोटात घालायची भारी हौस. चांगदेवनं नुसता विषय काढायचा अवकाश, त्यानं हिलमनचं बॉनेट उघडून नटबोल्ट सोडवायला घेतले.

जीपचं इंजिन दणकट, हिलमन नाजूक. नव्या नवरीच्या खोलीत सासरचं कपाट घुसवावं तशी गत झाली. बन्सीनं इंजिनामागचा पत्रा हातोड्यानं ठोकून आत लोटला, नवे टेकू वेल्डिंग करून बसवले. सगळं बसलं, पण पुढं रेडिएटर आणि इंजिनामध्ये पंख्याला जागा उरेना. बन्सीनं पंख्याची पाती निम्मी कापून टाकली.

"अरं, गार कसं ऱ्हायचं?" चांगदेवनं विचारलं.

"गाडी पळाली की वारा आपसूक येतोय. आता ही गाडी थांबणार हाय व्हय कुठं?"

धुरपदा डबा घेऊन आली होती. ती सहज म्हणाली, "आन् वरातीत वो? तिथं काय गाडी पळवत न्हेणार हायसा?"

दोघंही खो खो हसले. बाईमाणसाला इंजिनातलं काय कळतं, असं ते हसणं होतं. इंजिनाच्या नादात हँडब्रेकची आठवण मात्र दोघांपैकी एकालाही झाली नाही.

ट्रायलला ते शिक्रापूरपर्यंत गेले. एरवी ज्या ट्रकांची धूळ खात हिलमन जायची, ते ट्रक आज मागं पडत होते. बन्सी खिडकीतून हात काढून ट्रकवाल्यांना रामराम घालत होता. चांगदेवचा चेहरा असा फुलला होता, की जणू लग्न त्याचंच आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं नकुशीला मागं बसवून न्हावऱ्याच्या वाटेवरचा तो चढ घेतला. गाडी थांबली नाही, कण्हली नाही, गिअरसुद्धा बदलावा लागला नाही.

घरी आल्यावर त्यानं तिच्या पायाशी असलेला दगड उचलला आणि अंगणाच्या कडेला भिरकावला. "सुटलीस बाई तू!" तो म्हणाला.

नकुशी दगडाकडं बघत राहिली.

लग्न चैत्रात शिरूरला लागलं. नकुशी हिरव्या शालूत, शेजारी नवरदेव, पुढं चांगदेव, आणि गाडीला झेंडूच्या माळा. वऱ्हाड मागून टेम्पोत. रडारड आटोपून गाडी निघाली ती सुसाट. चढ आला आणि गेला. चांगदेवनं आरशातून मागं बघितलं. नकुशी हसली. त्या हसण्यासाठी त्यानं एवढा खटाटोप केला होता, आणि तो कारणी लागला असं त्याला वाटलं.

दौंडला पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. नदीकाठच्या मारुतीपासून सोपानरावांच्या दारापर्यंत वरात निघाली. पुढं बँड, बँडपुढं नाचणारी पोरं, मध्ये हिलमन, मागं बायका. वरात म्हणजे काय घाई नसते. चार पावलं चालायचं, दहा मिनिटं नाचायचं, पुन्हा चार पावलं. एवढ्या वर्षांत अशा किती वराती चांगदेवनं ओढल्या होत्या. पण त्या जुन्या इंजिनावर. नव्या इंजिनानं वारा लागत होता तोवर इमानदारी केली होती. इथं वारा नव्हता, पंखा निम्मा होता आणि उष्णतेचा काटा लाल रेघेकडं सरकत होता. चांगदेवला धुरपदाचे शब्द आठवले.

नदीकडून गावात शिरताना शेवटचा चढ होता. तो निम्मा झाला आणि बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला. झेंडूच्या माळा त्यात दिसेनाशा झाल्या. इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं. बँडवाल्यांना काही कळलं नाही, ते वाजवतच राहिले. आणि गाडी मागं सरकायला लागली.

चांगदेवनं ब्रेक दाबला. धरला नाही. पुन्हा दाबला. मागं बायकांचा घोळका, आणि सगळ्यात पुढं, गाडीला अगदी खेटून, नकुशीची सासू भागुबाई. त्याच्या तोंडातून आपसूक शब्द निघाले,

"नके, दगड!"

मागचं दार उघडलं. मुंडावळ्या कानामागं, शालूचा काष्ट्यासारखा खोचा मारलेला, नवरी रस्त्यावर. हातात तोच काळा दगड. तिनं तो चाकाखाली सारला, वर पायानं ठोकला. गाडी थांबली. भागुबाईच्या पायांपासून वीतभर अंतरावर.

बँड थांबला. सगळं दौंड आपल्याकडं बघतंय असं चांगदेवला वाटलं. तो खाली उतरला. जे होऊ द्यायचं नाही म्हणून पण केला, ते त्याच्याच तोंडून घडलं होतं. उंबरा शंभर पावलांवर राहिला होता आणि नकीचे मेंदीचे पाय मातीत होते.

"दगड कुठनं आला गं?" एवढंच त्याला विचारता आलं.

"सकाळी शिटाखाली ठिवला व्हता," नकुशी खाली मान घालून म्हणाली. "इंजिन नवं हाय आबा, पर ब्रेक जुनाच हाय की."

सोपानराव पुढं आले. वाफेकडं बघून त्यांनी ड्युटीवर असल्यासारखे दोन्ही हात कमरेवर ठेवले. "पाव्हणं, जन्मभर इंजनाला पाणी पाजलं. वाफ सोडणारी मोटार मातुर आजच बघितली. निवू द्या तिला. वाजवा रं पोरांनो!"

लोक हसले, बँड पुन्हा सुरू झाला. भागुबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एकदा दगडाकडं बघितलं, एकदा आपल्या पायांकडं, मग सुनेचा हात धरला.

"नाव कुणी कायबी ठिवलं आसंना," त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "आमाला ही पायजे."

चांगदेवनं तोंड फिरवून फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले. इतकी वर्षं घरात जे कुणी बोललं नव्हतं, ते चारचौघांत, परक्या बाईनं बोलून दाखवलं होतं. उरलेली शंभर पावलं नकुशी सासूचा हात धरून चालत गेली आणि चालतच उंबऱ्याशी पोचली.

दुसऱ्या दिवशी निघताना चांगदेवनं गाडीत पाणी भरलं, बॉनेट लावलं आणि उगीचच काच पुसत रेंगाळला. दगड सोपानरावांच्या दाराशी पायरीला लावून ठेवला होता.

"आण त्यो इकडं, टाकतो गाडीत," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या, आबा," नकुशी म्हणाली. "आता तुमच्या गाडीला लागत न्हाई त्यो." मग तिनं दगड पायरीशी आणखी सरकवला. "आन् लागलाच, तर मला न्यायला या."

परतीच्या वाटेवर हिलमन मोकळ्या वाऱ्यात भरधाव पळाली. तो चढ आला. चांगदेवनं मुद्दाम पाय हलका केला. तरी गाडी थांबली नाही, एकदा कण्हलीसुद्धा नाही. मागचं शीट रिकामं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला चांगल्या इंजिनाचा राग आला.

शिरूरला आल्यावर तो घरी गेला नाही. गाडी तशीच बन्सीच्या गॅरेजपुढं उभी केली. बन्सी हात पुसत, कौतुक ऐकायच्या तयारीनं बाहेर आला.

"बन्सी," चांगदेव म्हणाला, "ते जुनं इंजिन भंगारात घातलंस का हाय अजून?"