दार लाव

मिस्त्रीणबाईंनी दार लावलं तेव्हा बाहेरच्या दोघीजणी अजून छत्र्या झटकत होत्या. धाकटीचा एक पाय आत आला होता, तो तिने चटकन मागे घेतला. थोरलीने हातातला डबा तसाच पुढे धरून ठेवला होता, आणि आता त्या डब्यासमोर नुसतं बंद लाकूड होतं.

"काकू, डबा पायरीवर ठेवतेय," बाहेरून आवाज आला. "मांजर तोंड घालायच्या आत तेवढा घ्या."

मिस्त्रीणबाई कडीवर हात ठेवून ऐकत राहिल्या. दोघी सख्ख्या जावा. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. मिस्त्री अंथरुणाला खिळल्यापासून चर्चच्या मंडळीतलं कुणी ना कुणी रोज विचारपूस करायला, दोन शब्द प्रार्थनेचे बोलायला यायचं, आणि या दोघी तर हटकून यायच्या. पावलं पायऱ्या उतरून गेली. चिडणं नाही, धुसफूस नाही. मागे वळून चार शब्द सुनावले असते, तर मिस्त्रीणबाईंना बरं वाटलं असतं.

"दार लाव," खाटेवरून आवाज आला.

"लावलं हो."

"दार लाव." मिस्त्रींचा डावा हात पांघरुणाबाहेर आला आणि हवेत हातोडा मारावा तसा खालीवर झाला.

उजवी बाजू अर्धांगाच्या झटक्याने नेली होती, आणि जाताजाता जीभही नेली होती. डॉक्टर म्हणाले होते, कुणाचं काय उरेल याचा नेम नसतो. कुणाला एखादं गाणं उरतं, कुणाला शिव्या. मिस्त्रींना हे दोन शब्द उरले. सगळा संसार त्यांनी बायकोला 'अगं' म्हणून हाक मारण्यात काढला होता, ते एवढंसं 'अगं'सुद्धा तिच्या वाट्याला उरलं नव्हतं.

सुरुवातीला मिस्त्रीणबाईंना वाटलं, वारा लागत असेल. त्यांनी पुढचं दार लावलं, मग मागचं. मग खिडक्या झाल्या, कपाट झालं, ट्रंकेचं झाकण झालं. एकदा तर रडकुंडीला येऊन त्यांनी साखरेचा डबा खाटेपाशी नेला, मिस्त्रींच्या डोळ्यांदेखत त्याचं झाकण लावलं आणि विचारलं, हे का? मिस्त्रींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांच्या धड बाजूच्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळत गेलं.

घरात लावण्यासारखं काही शिल्लक राहिलं नाही, तेव्हा मिस्त्रीणबाईंनी तोच एक अर्थ धरला. माणसं नकोत. रस्त्याने जाणाऱ्याला हाका मारून चहाला बसवणारा हा माणूस आता कुणाचं तोंड बघायला तयार नाही. प्रार्थना नको, प्रार्थना करणारे नकोत. मग ज्याची प्रार्थना करायची, तो तरी हवा आहे का? या प्रश्नापाशी आलं की मिस्त्रीणबाईंचे हात भांडी घासताघासता थांबत.

लहानपणी ऐकलेली दहा कुमारींची गोष्ट त्यांच्या मनातून कधी गेली नव्हती. पाचजणींच्या दिव्यांतलं तेल संपलं, त्या आणायला गेल्या, परत येऊन पाहतात तो लग्नघराचं दार लागलेलं. बाकीच्या मुलींना दिवे आठवत, यांना ते दार. आता त्यांना वाटू लागलं, आपल्या माणसाने तर आतल्या बाजूनेच दार लावून घेतलं, आणि कडी घालायचं काम आपल्या हातून करवून घेतलं.

तसे मिस्त्री पूर्वी देवाधर्माबाबत फार बोलणारे नव्हतेच. उपासनेला मागच्या बाकावर बसत आणि उपदेश लांबला की छताचे वासे मोजत. एकदाच काय ते त्यांचे कान टवकारले होते. 'मी दार आहे' असं प्रभू म्हणतो, त्यावर पाळकसाहेब बोलत होते. रानातल्या मेंढवाड्याला नुसती फट असते, त्या फटीत रात्री मेंढपाळ स्वतः आडवा होतो, तोच दार. घरी येताना मिस्त्री म्हणाले होते, "अगं, म्हणजे बिजागरी नको, कडी नको, रंग नको. सगळेच असे आडवे व्हायला लागले तर आपण खायचं काय?" मिस्त्रीणबाई हसल्या होत्या. जेवून हात धुताना मात्र मिस्त्री म्हणाले, "थंडीत फार अंग आखडत असेल गं त्याचं."

एवढं बोलणारा माणूस. त्याचं असं व्हावं?

जेवण झाल्यावर मिस्त्रींचा डोळा लागला, तशा त्या छत्री घेऊन बाहेर पडल्या. पाळकसाहेबांना एकदाचं सांगून टाकायचं होतं, की कुणाला पाठवू नका. आणि जमलं तर ते दुसरंही विचारायचं होतं.

मंडळीचं देऊळ गल्ली संपते तिथेच होतं, पण मिस्त्री पडल्यापासून त्या इकडे फिरकल्या नव्हत्या. पुढच्या चौकटीत निळी ताडपत्री लोंबत होती. ती बाजूला करून आत गेल्या, तर पाळकसाहेब पँट पोटरीपर्यंत दुमडून पोछा मारत होते. उंच, किडकिडीत माणूस. पोछ्याचा दांडाही त्यांना आखूड पडत होता.

"या, या. जपून, पाय घसरेल," ते म्हणाले. "सकाळी एक कुत्रं येऊन अंग झटकून गेलं. मंडळीतले काहीजण उपासनेला इतके वेळेवर येत नाहीत."

मिस्त्रीणबाईंना हसू आलं नाही. उभ्याउभ्याच त्यांनी सांगायचं ते सांगितलं. साखरेचा डबा सांगितला, जावांच्या तोंडावर लावलेलं दार सांगितलं. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत विचारलं, "माणूस शेवटीशेवटी दार लाव, दार लाव एवढंच म्हणायला लागला, तर काय समजायचं? लागलंच का त्याचं दार?"

पाळकसाहेबांनी शास्त्रातलं काही काढलं नाही, हे बरं केलं. पोछा भिंतीला टेकवून ते बसायला जागा शोधू लागले. एका बाकावर हात फिरवला, दुसऱ्यावर फिरवला आणि ओशाळून म्हणाले, "सगळं ओलं झालंय बघा. काय करणार, दार लावायचं राहिलंय ना."

"काय राहिलंय?"

"दार लावायचं." त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

तिथे जुन्या चादरीत गुंडाळलेलं कवाड उभं होतं. चादर एका कोपऱ्यात सरकली होती आणि खालचं लाकूड दिसत होतं, हाताने पॉलिश केलेलं, मधासारखं. मिस्त्रीणबाईंनी ते ओळखलं. जुन्या दाराला वाळवी लागली म्हणून मंडळीने मिस्त्रींकडे नवं सोपवलं होतं. हातगाडीवरून ते गेलं तो दिवस त्यांना आठवत होता. संध्याकाळी मिस्त्री हात जड झालाय म्हणत घरी आले, न जेवता आडवे झाले, आणि सकाळी उठलेच नाहीत. दार बसवून आले असणार, हे त्या धरूनच चालल्या होत्या.

पाळकसाहेब सांगत होते, की दुसरा सुतार बघा असं एकदोघांनी सुचवलं, पण मंडळीला ते पटलं नाही. मिस्त्रींनी केलेलं दार मिस्त्रींना न विचारता कुणी कसं लावायचं? बरे होतील तोवर वाट बघू. आणि तुमच्याकडे विषय काढला असता तर आम्ही कामाचा तगादा लावतोय असं तुम्हाला वाटलं असतं.

मिस्त्रीणबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांच्या कानात मिस्त्रींचा जुना आवाज घुमत होता. अगं, दार लोट. अगं, जाताना दार ओढून घे. सगळ्या संसारात या माणसाने घरातलं एकही दार कधी 'लाव' म्हटलं नव्हतं. दार लोटायचं बायकापोरांनी, लावायचं सुताराने. चौकट ओळंब्यात धरून, बिजागऱ्या ठोकून, घामाघूम होऊन लावायचं. घरी आल्यावर कुणी विचारलं, आज काय केलंत, तर सांगायचे, दोन दारं लावली. रोज ऐकलेलं ते, आणि कधी कानात शिरलंच नव्हतं.

त्या ओल्या बाकावर मटकन बसल्या. पाळकसाहेब घाबरून पाणी आणायला धावले. परत आले तेव्हा मिस्त्रीणबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि डोळे गळत होते.

"साखरेचा डबा," एवढंच त्या म्हणाल्या.

घरी आल्या तेव्हा मिस्त्री जागे होते. छत्री न मिटताच त्या खाटेपाशी गेल्या.

"देवळाचं?"

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं. इतके दिवस हवेत ठोकणारा डावा हात हळूहळू पांघरुणावर उतरला आणि तिथेच राहिला.

"भावजींना बोलावू? ते लावतील. तुम्ही बसून सांगा."

मिस्त्रींनी डोळे मिटले. चेहऱ्याची जेवढी बाजू हसू शकत होती, तेवढी हसली.

भावजी म्हणजे मिस्त्रींचा जुना जोडीदार. समोर येईल त्याला बोलून बोलून सोलून काढायचा, म्हणून सगळे त्याला रंधा म्हणत. परगावी कामावर होता, निरोप मिळाला तसा हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाला. मिस्त्रींना खुर्चीसकट उचलून देवळात नेलं. ओलीने कवाड फुगलं होतं, ते चौकटीत बसेना. रंध्याने खालची कड तासायला घेतली, तोच खुर्चीतून घशातला आवाज आला. म्हणजे खाली नको. मिस्त्रींची भुवई वरच्या कोपऱ्याकडे गेली होती.

"बोलती बंद झाली तरी चुका काढायच्या थांबत नाही हा," रंधा म्हणाला. "वहिनी, डॉक्टरला म्हणावं भुवईलाही औषध द्या." आणि त्याने वरचा कोपरा तासला. कवाड बसलं. मग तो बराच वेळ पाठ करून हत्यारं पुसत राहिला, पुसायची गरज नसलेलीसुद्धा.

दोघी जावा बघायला आल्या होत्या. मिस्त्रीणबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं. दाराशी उभं राहून ठोकणारा तो प्रभू असतो, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. तो हातात डबा घेऊन येईल आणि छत्री झटकेल, हे कुणी सांगितलं नव्हतं.

"मी तुमच्या तोंडावर..."

"अहो काकू, राहू द्या," धाकटी म्हणाली. "आमची तर रोजची पैज असायची, आज माझा पाय आत पडतो की नाही. त्या दिवशी मी जिंकणारच होते."

थोरलीने तिला कोपर मारलं, मग मिस्त्रीणबाईंचा हात हातात घेतला आणि सोडला नाही.

रविवारी उपकारस्तुतीची उपासना झाली. नवं दार सताड उघडं होतं. बाहेर पाऊस उघडला होता आणि उन्हाचा एक पट्टा उंबऱ्यावरून आत बाकांमधल्या वाटेवर आला होता. मिस्त्रींची खुर्ची त्या पट्ट्यात ठेवली होती, शेजारी मिस्त्रीणबाई. पाळकसाहेबांनी उपदेश आवरता घेतला. मग सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि त्यांनी उपकार मानले, लाकडाबद्दल, लाकडाला हात लावणाऱ्यांबद्दल, दिसत नव्हतं तेव्हाही उघड्या राहिलेल्या वाटेबद्दल. मंडळी एका आवाजात म्हणाली, "आमेन."

त्यानंतर जरा उशिराने, एकटा, जड आवाज आला.

"दार लाव."

देवळात कुणी हललं नाही. मिस्त्रीणबाईंनी चमकून पाहिलं. मिस्त्रींची मान अजून खालीच होती, डोळे मिटलेले होते, आणि डावा हात निजलेल्या उजव्या हातावर जोडल्यासारखा ठेवलेला होता.

"दार लाव," ते पुन्हा म्हणाले, हळू, कुणाशी तरी अगदी जवळ बसून बोलावं तसं.

मागच्या बाकावर एक पाहुणा बसला होता, त्या दिवशी प्रथमच आलेला. तो बिचारा लगबगीने दाराकडे जायला उठला. धाकटीने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

"बसा हो," ती कुजबुजली. "त्यांचं झालं नाही अजून."