लिनेयाच्या केसांमागचा वारा

मी एक जुना पंखा आहे. स्वीडनच्या नृत्यसंगीताचा इतिहास माझ्याशिवाय लिहिता येणार नाही. निदान त्यातला केसांचा भाग तरी.

मित्रांनो, स्टॉकहोमजवळच्या कारखान्यातून मी थेट गायिका लिनेयाच्या रंगमंचावर आलो. ती नाचत गायची, मी तिचे कमरेपर्यंतचे सोनेरी केस उडवायचो. लोक वेडे व्हायचे. ते कौतुक मी बिनदिक्कत स्वतःकडे घेतलं. पुढे गाणी चालेनाशी झाली. "केस उत्तम, आवाजाचा पत्ता नाही," असं एका वर्तमानपत्राने छापलं, आणि लिनेयाने गाणंच सोडलं. लग्न करून ती ऑस्ट्रेलियात, डार्विनला आली, मीही सामानातून आलो. पुढे तिने जुनं सामान दारात विकायला मांडलं, त्या गॅरेज सेलमध्ये शेजारच्या नीरजाने मला उचललं आणि कुरडया वाळवायला लावलं. वेट सीझनमध्ये, म्हणजे इथल्या दमट पावसाळ्यात, हे काम गाण्याहून अवघड आहे, पण टाळ्या कोणी वाजवत नाही.

यंदा नीरजाने लिनेयाला मराठी मंडळात गायची गळ घातली. "एकच गाणं," लिनेया म्हणाली. "नाही जमलं, तर पुन्हा कधी विचारू नकोस."

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलचा एसी बंद पडला. मी खिडकीपलीकडच्या स्वयंपाकघरात वड्यांवर वारा घालत होतो. तेवढ्यात अध्यक्ष सुनेत्राताई सत्काराची शाल घेऊन निघाल्या.

"ताई, या उकाड्यात शाल?" नीरजाचा नवरा गंधार म्हणाला.

"मग काय, नुसता नारळ हातात देऊ? बरं दिसतं का ते?"

शाल पुण्याहून आणलेली, चांगली जाडजूड. ती खांद्यावर पडताच लिनेया घेरी येऊन खुर्चीत बसली. "मला नाही जमणार," ती पुटपुटली.

"गंधार, पंखा आण. वडे राहू देत," नीरजा म्हणाली.

मी ऐटीत स्टेजवर आलो आणि पाहतो तर काय! लिनेयाने केस कानापर्यंत कापले होते. उडवायला काही उरलंच नव्हतं.

तिने मला ओळखलं. शाल बाजूला ठेवून वारा अंगावर घेत ती हसली. "हा माझे केस माझ्याच तोंडात कोंबायचा. अर्धी गाणी मी गिळली याच्यापायी."

मग ती उभी राहिली आणि तिने आपलं जुनंच एक गाणं गायलं. एकही शब्द अडकला नाही. इतकी वर्षं तिच्या मागे उभा होतो, पण ते गाणं पूर्ण मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आवाज होता, मित्रांनो. चांगला खणखणीत होता. तो माझ्यामुळे कायमचा गेला नव्हता, हे कळून माझ्या पात्यांवरचं ओझंच उतरलं.

"पुढच्या वर्षी दोन गाणी," ती खाली उतरताना नीरजाला म्हणाली.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंना आणि जुन्या गायिकांना लवकर मोडीत काढू नका. आणि मला बंद करताना बटण दाबा. वायर ओढू नका.