सत्काराची उडी

काठमांडूच्या दक्षिण आशियाई जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत आमच्या गुलनाजला ब्राँझ मिळालं, आणि सोलापुरात एकदम सगळ्यांना ती आपली लेक वाटायला लागली. मी महेश्वरी, तिची कोच. भवानी पेठेत शाळेच्या वऱ्हांड्यात तिला शिकवत होते, तेव्हा ह्यांतलं एक कुत्रं तिकडं फिरकलं न्हाय.

परवा नव्या पेठेत सत्कार ठेवला. बॅनरवर पुढाऱ्यांची तोंडं परातीएवढी आणि पोरगी कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी. आपल्याकडं रीतच हाय की, ज्याचा सत्कार त्याच्याआधी सत्कार करणाऱ्यांचे सत्कार. सोफ्यावरच्या एकेकाला चादर, फेटा, नारळ. पोरीचा नंबर सगळ्यात शेवटी.

मग चनबसप्पा अण्णांनी माईक धरला. स्टेजच्या चार पायऱ्या चढून हा पुढारी घामाघूम झालेला. म्हणाला, "आमच्या लेकीनं मल्लखांबात देशाचं नाव काढलं." पोरगी उभ्या जन्मात मल्लखांबाला शिवली न्हाय. तरी टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांनी ह्याच्या अंगात आलं. "आता बाळा, एक उलटी उडी होऊन जाऊ दे," म्हणाला आणि सोफ्यावर जाऊन टेकला.

खाली फळ्या, वर पातळ कारपेट. गुलनाजचा घोटा तर काठमांडूलाच सुजलेला. डॉक्टरांनी बजावलेलं, महिनाभर उडी न्हाय. परत मुरगळला तर आशियाई स्पर्धेची निवड चाचणी विसरा. हे मी अण्णांच्या कानात सांगितलं. तो हसला. "ओ मॅडम, एका उडीनं काय होतंय?"

तिचा बाप पीरसाब रिक्षा चालवतो. मोठ्या माणसांपुढं त्याची मान वर होत न्हाय. तोही हळूच म्हणाला, "मार दे ना बेटा एक. साब बोल रहे." पोरगी मुकाट बूट काढायला वाकली. मला लई वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला.

मी माईक घेतला. "मारंल की उडी. फक्त खाली मऊ काहीतरी पायजे. तुमी सगळे जरा उठा, सोफ्याच्या गाद्या खाली घालते."

अण्णांनी शेजारच्याकडं बघितलं, शेजारच्यानं पलीकडच्याकडं. कुणी हलेना. एकानं तर बुडाखालची गादी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "पोरगी दमली असंल."

मी पीरसाबला म्हटलं, "बघितलंत भाई? ह्यांच्यासाठी तुमी पोरीचा पाय मोडायला निघाला होता."

तो सगळ्यांसमोर खाली बसला आणि लेकीच्या पायात बूट घालायला लागला.