वाफ्यांचा काढा

"आत्याबाई, ह्याच्यात काय पडलंय?"

ऋतुजानं एका हातात ड्रमचं झाकण धरलं होतं आणि दुसऱ्या हाताची बोटं काढ्यात बुडवून वर काढली होती. बोटांना चोथा चिकटला होता. बारीक, पिवळट, कडब्याचा. गाईच्या पोटातून येतो तसा.

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून शांतम्मा आठवडाभर वाट बघत होती. पदर सावरत ती पुढं आली.

"पडलं न्हाई, मी घातलंय. ताजं शेण. घरासमोरच्या गवळ्याच्या गाईचं. वाईच गोमूत्र आन् मूठभर बेसन. तवाच तर मेथीला रंग आला. तूच म्हनलीस न्हवं, पानं लई झकास झालीत म्हनून?"

ऋतुजानं झाकण खाली ठेवलं. "कधीपासून घालून राहिल्या?"

"मागच्या बाजारापासून."

"म्हणजे आज गेलेला पाला..."

"आजचा तर बघायलाच नको. इरू सकाळीच घेऊन गेला की, लातूरच्या गाडीवर घालायला."

ऋतुजा तिथंच पोत्यावर बसली. शाबासकी द्यायला माणूस असं बसत नाही, एवढं शांतम्माला कळलं. काय चुकलं ते मात्र कळलं नाही.

उदगीरच्या एका बंद पडलेल्या डाळमिलचं मागचं गोदाम शांतम्माचा लेक विरूपाक्ष, तिचा इरू, आणि सून ऋतुजा यांनी भाड्यानं घेतलं होतं. बाहेर मे महिन्यात कोथिंबिरीची काडी उभी राहत नाही, तेव्हा या गोदामात कूलरच्या गारव्यात, जांभळट दिव्यांखाली मेथी आणि पालक डोलत असायचा. फळ्या ठोकून केलेले वाफे, त्यांत गुडघाभर माती. त्या मातीला खुरपं लावायचं नाही, हा ऋतुजाचा दंडक. पीक देठाशी कापायचं आणि मुळं मातीतच ठेवायची. ती तिथंच कुजतात आणि त्यांनी केलेल्या वाटांनी गांडुळं फिरतात. वरून पुरतं मुरलेलं खत पसरायचं, त्यावर वाळला पाला अंथरायचा. त्याच खताची पुरचुंडी ड्रमभर पाण्यात टांगायची, थोडा गूळ घालायचा आणि घरात मासे पाळणारे वापरतात तसल्या पंपानं त्यात हवा फुंकत राहायची. तयार झालेलं पाणी वाफ्यांत ओतायचं, पानांवर फवारायचं. ऋतुजा त्याला कंपोस्ट टी म्हणायची. शांतम्मा म्हणाली, चहा कसला, हा तर काढा. तेव्हापासून सगळे काढाच म्हणू लागले.

शांतम्माचा उभा जन्म जळकोटजवळच्या एका गावात शेणामातीत गेला. नवरा महादेवप्पा वारला, शेत बटाईनं दिलं आणि ती लेकाकडं उदगीरला दोन खोल्यांत राहायला आली. शहरात म्हातारीला दोनच कामं असतात: टीव्ही बघणं, आणि सारखी टीव्ही बघते म्हणून बोलणी खाणं. ऋतुजानं तिला तिसरं दिलं. लाईट गेली की पंप थांबतो, हवा न मिळालेला काढा सडतो, म्हणून लाईट येईपर्यंत लाकडानं ढवळत राहायचं. उदगीरच्या लाईटीच्या कृपेनं शांतम्माला कामाची कधी टंचाई पडली नाही. कितीतरी वर्षांनी आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, याचा तिला फार आनंद होता.

फक्त एक गोष्ट तिला खटकायची. महादेवप्पा शेतात जीवामृत करायचा तेव्हा त्यात ताजं शेण असायचं, गोमूत्र असायचं, गूळ, बेसन. सुनेच्या काढ्यात शेणच नाही म्हणजे मिठावाचून वरण. शिकलेली असली तरी पोर लहान आहे, विसरली असेल. मेथी जरा पिवळी दिसली तशी सासूनं गुपचूप मीठ घातलं. काढ्यात काय घालायचं ते ऋतुजानं तिला नीट सांगितलं होतं. काय घालायचं नाही, ते सांगायची गरज पडेल असं तिला वाटलं नव्हतं.

विरूपाक्ष गाडीवर माल घालून, गावातली कामं उरकून शीळ घालत परत आला. दोघींची तोंडं बघून शीळ तोंडातच राहिली. ऋतुजानं त्याला सांगितलं.

"मग?" तो म्हणाला. "शेणच हाय ना?"

"ताजं शेण हाय. गाईच्या आतड्यातले जंतू त्याच्यात जित्ते असतेत. आपलं खत आतून तापून मुरलेलं असतं, त्याच्यात ते मरून जातेत. इथं तर जित्त्या जंतूंना गूळ घातला, वरून हवा दिली. ड्रमभर वाढवले आन् पानांवर फवारले."

"काय बोलून राहिली तू?" शांतम्माचा आवाज चढला. "शेणानं कुनी मेलंय का आजवर? शेणात हात घालून ह्याला वाढवला मी. तुझ्या सासऱ्यानं जन्मभर घातलं, कुनाचं पोट दुखलं?"

"शेतात चालतं, आत्याबाई. तिथं मातीत घालतेत, वर ऊन असतं, आन् भाजी शिजवून खातो आपण. हा पाला कच्चा जातो ताटात." ऋतुजा उठून उभी राहिली. "श्रीमंतभाऊंच्या मेसमध्ये. आज शुक्रवार हाय. परवा पेपर हाय पोरींचा."

लातुरात श्रीमंतची मेस होती, डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची शिकवणी लावलेल्या पोरींची. यांचा पाला दर शुक्रवारी तिथं जायचा. 'बिनऔषधाची कच्ची कोशिंबीर' असा बोर्डच त्यानं लावला होता. पोरी कुणी औशाची, कुणी किनवटची. आईबापांनी जिवाचं रान करून ठेवलेल्या त्या पोरी दोन वर्षं एका रविवारसाठी झुरत होत्या. त्यांतच शांतम्माची नात होती, देगलूरला दिलेल्या लेकीची लेक, गीतांजली. मामाचा माल जातो म्हणून मामानंच तिला त्या मेसमध्ये लावलं होतं.

"फोन लाव," ऋतुजा म्हणाली.

विरूपाक्ष फोन काढून नुसताच उभा राहिला. "काय सांगू? शेण फवारलं म्हनून? उद्यापासून आपला पाला कोन घेईल? कीड होती सांगतो. पाला खराब हाय, वाढू नका."

"कीड म्हटलं तर ते धुऊन वाढतील. कीड मीठपाण्यानं जाते, हे सगळ्यांना माहीत हाय. धुऊन हे जात न्हाई."

"काही होनार पन न्हाई कदाचित."

"कदाचित," ऋतुजा म्हणाली. "गीतूला फोन करून तसं सांगू का?"

गीतांजलीचा फोन पेपर होईपर्यंत हॉस्टेलमध्ये जमा होता, आणि हे तिघांनाही माहीत होतं. विरूपाक्षनं श्रीमंतला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. गाडी कधीच लातूरला पोचली असणार, पाला निवडून धुऊन झाला असणार. तिसऱ्या वेळी कुणी तरी कट केला. विरूपाक्षला एक प्रकारची सुटका वाटत होती, उचलला नाही तर आपण काय करणार, अशी. ती त्याच्या चेहऱ्यावर दिसली असावी, कारण शांतम्मानं हात पुढं केला.

"आन इकडं. मी बोलते."

"अव्वा, तू काय बोलनार?"

"केलं कुनी? मी. तर मीच बोलनार. मला अजून पटलं न्हाई शेण वाईट असतं म्हनून. पर लेकरं दुसऱ्याची हायत. माझ्या पटन्यावर त्यांचा जीव टांगू का?"

या वेळी फोन उचलला गेला. मागं ताटांचा, पोरींच्या बोलण्याचा गलका.

"बोला विरूभाऊ, लवकर बोला. पंगत बसून राहिली."

"इरू न्हाई. मी त्याची आई, शांतम्मा. तो पाला वाढू नका."

"कामून हो, मावशी?"

"त्याच्यावर ताज्या शेणाचं पानी फवारलंय. मी केलंय. लेकाला, सुनंला ठाव नव्हतं. आत्ता कळलं."

पलीकडं श्रीमंत ओरडला, फोनमध्ये नाही, बाहेर, "ए, ती परात उचल! ताटातली पन काढ! अगं, खाऊ नका, ठेवा खाली!" ताटं आपटल्याचे आवाज आले. शांतम्मा फोन कानाला घट्ट दाबून उभी होती. बऱ्याच वेळानं तो परत फोनवर आला.

"मावशी, तुम्हाला अक्कल हाय का? परवा पेपर हाय पोरींचा!"

"हाय म्हनूनच फोन केला बाबा. कुनी खाल्ला का?"

"पहिल्या पंगतीला वाढला होता. थोड्याजनींनी खाल्ला." त्याला दम लागला होता. "तुमच्या नातीनं तर दोनदा मागून घेतला. मामाच्या घरची मेथी म्हनून सगळ्यांना सांगत होती. आता तिला काय सांगू? पोरींना 'पाला शिळा होता' एवढंच सांगतो. पेपर होईस्तोवर घाबरवत न्हाई. आता पुढं माल पाठवू नका. आन् काही झालं तर मग बघतोच."

शांतम्मानं फोन लेकाच्या हातात दिला. दोनदा मागून घेतला. तिला गीतू तान्ही होती तेव्हाची आठवली, दूध संपलं तरी वाटी सोडायची नाही.

दुपारभर वाफे रिकामे करायचं काम चाललं. पाला सगळा कापायचा, पोत्यात भरायचा आणि तापायला खताच्या ढिगात गाडायचा. ऋतुजा ड्रम धूत होती, विरूपाक्ष पोती ओढत होता. कापायचं काम शांतम्मानं मागून घेतलं. देठाशी कात्री लावायची, मुळाला धक्का नाही, हे तिला आता झोपेत पण जमलं असतं. शेवटच्या वाफ्यापाशी आल्यावर तिनं मागं वळून पाहिलं. दोघांच्या पाठी होत्या. तिनं कापलेल्या मेथीची एक मूठ तोंडात कोंबली आणि न धुता, न निवडता चावून गिळली. मग आणखी एक. नातीच्या पोटात जे गेलं ते आपल्या पोटात असावं. जे व्हायचं ते आपल्याला आधी कळावं. मेथी कडू होती आणि खरोखर चांगली झाली होती.

शनिवारी सकाळी तिच्या पोटात मुरडा आला.

आधी तिला वाटलं, भीतीनं असेल. मग ती संडासात गेली, परत आली, परत गेली. आवाज कळू नये म्हणून नळ सोडून बसली. तिसऱ्या खेपेला भिंतीला धरून उठावं लागलं, तेव्हा तिला मनापासून पटलं. सुनेचं बोलणं ऐकून पटलं नव्हतं ते पोटानं पटवलं. पण त्याहून वाईट हे होतं, की आता तिकडं लातुरात काय चाललं असेल ते घरात एकट्या तिलाच ठाऊक होतं. सांगावं तर पोरं हबकतील, आणि हबकून करणार काय? गीतूला कळवलं तर पोर भ्यानंच अर्धी होईल. तिनं साखर-मीठ घातलेलं पाणी केलं आणि सोमवारचा उपास शनिवारीच धरलाय असं सांगून टाकलं. विरूपाक्ष सकाळपासून श्रीमंतला फोन करत होता. पहिल्यांदा तो "आतापर्यंत तर बऱ्या हायत" म्हणाला, दुसऱ्यांदा "तुम्ही सारखा फोन करू नका" म्हणाला, आणि त्यानंतर त्यानं उचलणंच सोडलं.

"आत्याबाई, तोंड का उतरलंय?" ऋतुजानं विचारलं.

"म्हातारीचं तोंड किती दिवस चढतं राहनार?" शांतम्मा म्हणाली आणि पुन्हा नळ सोडायला गेली.

रविवार उगवला. पेपर दुपारी होता. शांतम्माचं पोट आता थांबलं होतं, पण तिचा त्याच्यावर भरवसा उरला नव्हता. देवापुढं बसून ती लिंगाला काय मागत होती कुणास ठाऊक. डॉक्टरकी मागत नव्हती एवढं नक्की. पेपरच्या हॉलमधून पोर उठून बाहेर पळते आहे, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. संध्याकाळ झाली तरी फोन येईना. विरूपाक्ष दारात, ऋतुजा ओट्यापाशी, शांतम्मा भिंतीला टेकून. टीव्ही बंद होता.

फोन वाजला तेव्हा विरूपाक्षनं तो स्पीकरवर टाकला.

"मामा! झाला पेपर! फिजिक्स जरा अवघड होतं, बायो मस्त गेलं!"

शांतम्मानं फोन ओढून घेतला.

"गीतू, पोट कसं हाय तुझं?"

"आज्जी! अगं, लोक पेपर कसा गेला ते विचारतेत!"

"पोट सांग आधी."

"बरंय की. कशाला?"

"आन् तुझ्या मैत्रिणींचं?"

"सगळ्यांचंच बरं हाय, आज्जी. झालंय काय तुला?" गीतांजली हसत होती. "शुक्रवारी पाला शिळा निघाला म्हणून श्रीमंतकाकांनी ताटातून काढून घेतला, आन् परत पाठवलाच न्हाई तुम्ही. लई चांगला होता गं. कधी पाठवताय?"

"आता पाठवनार न्हाई," शांतम्मा म्हणाली. फोन ठेवल्यावर ती पदर तोंडाला लावून रडली. ऋतुजा जवळ येऊन बसली. तिनं सासूचा हात हातात घेतला, आणि तो तिला गार लागला. शनिवारचा उपास, सारखा सुटलेला नळ, उतरलेलं तोंड, सगळं तिच्या एकदम ध्यानात आलं.

"तुम्ही खाल्ला होता ना तो पाला?"

शांतम्मानं हात सोडवून घेतला. "गप बस. पोराला सांगू नको."

सोमवारी सकाळी ऋतुजा दार उघडून बाहेर आली तेव्हा शांतम्मा अंगणात सडा टाकत होती. बादलीतलं पाणी स्वच्छ होतं. समोर गवळ्याच्या दारात ताज्या शेणाची पाटी भरलेली होती. आपण लग्न होऊन आल्यापासून सासूनं शेण कालवल्याशिवाय कधी सडा टाकल्याचं ऋतुजाला आठवेना.

"आत्याबाई, दारात चालतं हो शेण," ती हळूच म्हणाली. "दारात काही होत न्हाई."

"असू दे," शांतम्मा म्हणाली. साध्या पाण्याचा सडा उन्हानं लगोलग वाळायला लागला, तशी ती खाली बसली आणि त्यावर रांगोळी काढू लागली.