भगवंतभाऊने लिहिलेला शेवट

माझा मोठा भाऊ भगवंत गेला त्याला आता बारा वर्षं झाली. मेलेल्या माणसावर राग ठेवू नये, असं मला घरातले सगळे सांगतात. मी ठेवते. त्याच्या एकसष्टीला अमरावतीत सभा भरली होती. गळ्यात गुलाबांचा हार घालून तो माईकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, त्या चार-चार आण्यांच्या प्रेमाच्या पुस्तकांनी आपल्या समाजातल्या बायकांची मनं बिघडवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. उठून बोलले नाही, त्याचाही राग आहेच.

ती पुस्तकं आमच्या घरात आणली कोणी? त्यानेच.

अडतीस साल असावं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता. बडनेऱ्याच्या वाटेवर आमचा फुलांचा मळा होता, आणि भगवंतभाऊ अमरावतीला कॉलेजात जात होता. दर रविवारी तो सायकलीच्या पिशवीत वाचनालयातलं एक पुस्तक घेऊन येई. शंभर-सव्वाशे पानं, पिवळा पुठ्ठा. दोन दिवसांत तो ते वाचून संपवी आणि उरलेले दिवस पुस्तक माझं असे. मी बारा वर्षांची होते, चौथी पास. दुपारी चिंचेखाली बायका केळीच्या सोपाच्या दोऱ्यात झेंडू-शेवंतीचे हार गुंफायला बसत आणि मी मोठ्याने वाचत असे. वाचणाऱ्या मुलीला गुंफायचं काम माफ होतं.

त्या पुस्तकांत काय असतं, हे ज्यांनी ती वाचली नाहीत त्यांनीच जास्त सांगितलं आहे. मी सांगते. एक मुलगी असे, बहुतेक पुण्याची. एक माणूस येई आणि तिला विचारी, "तुम्हाला काय वाटतं?" एवढंच. बाकीची पानं मग ती उत्तर देईपर्यंत. आमच्या चिंचेखाली बसलेल्या एकाही बाईला तो प्रश्न जन्मात कोणी विचारला नव्हता. तो प्रश्न आला की त्यांचे हात थांबत.

हसतही खूप. मजुरीला येणारी तानुबाई तर प्रत्येक पानावर टोमणा मारी.

"अवं पोट्टे, तो मास्तर कालपासून कॉफीच पिऊन राह्यला. त्याले शाळा नाई का?"

"त्याला सुट्टी आहे, तानुबाई."

"मंग घरी जाऊन आंग धुवं म्हनाव."

रुख्मिणीकाकी हसत नसे. ती माझ्या धाकट्या काकाची बायको. काका लग्नानंतर दोन वर्षांत पटकीने गेला. अडतीस साली काकी चोवीस वर्षांची होती, मूलबाळ नव्हतं, आणि मळ्यात तिच्याइतका सारखा हार कोणी गुंफत नसे. ती मान खाली घालून ऐके आणि एखादं वाक्य परत वाचायला लावी. "तुम्हाला काय वाटतं" हे तर तिने मला किती वेळा परत वाचायला लावलं असेल!

त्या वर्षी मोर्शीचा सहदेव आमच्याकडे संत्र्याची कलमं घेऊन आला. बायको मेलेला, तिशीचा, आपली बाग असलेला माणूस. चार फेऱ्या झाल्यावर त्याने तानुबाईच्या तोंडून काकीला विचारलं, पाट लावशील का?

आमच्या माळ्यांत विधवेचा पाट पूर्वीपासून होता. मंगलाष्टकं नाहीत, वाजंत्री नाही. नवं लुगडं, हातात चुडा, चार माणसांसमोर पाटावर बसायचं, की बाई पुन्हा संसाराला लागली. पुण्याच्या पुस्तकात विधवेचं लग्न म्हणजे केवढं धाडस! आमच्याकडे ते साधं होतं. पण त्याच सुमाराला आमच्यातल्या शिकलेल्या मंडळींना लाज वाटू लागली होती. सभा घेऊन त्यांनी ठरवलं, आता पाट बंद. त्यात भगवंतभाऊचं लग्न अकोल्याच्या एका मोठ्या घरी ठरत होतं. ते घर फार सोवळं आहे, घरात पाट लागला तर सोयरीक मोडेल, असं भाऊ सांगत असे. माझे वडील, नत्थुजी, त्याच्यापुढे बोलत नसत. शिकलेला मुलगा!

काकीने देवीला कौल लावला. मूर्तीला दोन फुलं लावायची. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. काकी सकाळपासून दुपारपर्यंत हात जोडून बसली. दोन्ही फुलं तशीच चिकटून राहिली.

"देवीलेबी भगवंताचा भेव हाय वाटते," तानुबाई म्हणाली.

त्या आठवड्यात चिंचेखाली जे पुस्तक चाललं होतं, त्यातली सुमती विधवा होती. तिच्या भावाला शिकवायला एक मास्तर येई. पुस्तक अर्ध्यावर आलं होतं. काकी गुंफता गुंफता म्हणाली, "कौंडण्यपूरच्या जत्रेत सहदेव उत्तर मांगीन. तवरिक हे पुस्तक सरते. देवी बोलत नाई, तं या पुस्तकालेच इचारीन. या सुमतीचं जे होईन, ते माह्यं."

बायकांना यात काही वावगं वाटलं नाही. शपथ घ्यावी तशा सगळ्यांनी माना हलवल्या. मलाच माझा अभिमान वाटला. देवीचा कौल आता माझ्या तोंडून येणार होता! संध्याकाळी जेवताना मी आईला ते फुशारकीने सांगितलं. भगवंतभाऊ शेजारच्या पाटावर जेवत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने मला विहिरीजवळ बोलावलं. त्याच्या हातात एक कागद होता.

"कौसे, शेवटचं प्रकरण वाचू नको. त्याच्या जागी हे वाच."

"पण भाऊ, मी शेवट वाचला आहे. त्यांचं लग्न होतं."

"ते शहरातल्या लोकांसाठी असतं. तुला अमरावतीच्या शाळेत जायचं आहे ना? बाबांशी मी बोलतो. यंदाच."

मी तो कागद घेतला. कोणी मला मारलं नाही, धमकावलं नाही. मला पाचवीत जायचं होतं, म्हणून मी घेतला. आणि एक सांगायलाच हवं, त्याने तो शेवट फार सुंदर लिहिला होता. मास्तर तापाने जातो, सुमती त्याचा फोटो देवघरात ठेवते आणि दीर-जावांच्या सेवेत आयुष्य पवित्र करते. निळी शाई, वळणदार अक्षर, एकही खाडाखोड नाही. इतकी मेहनत त्याने दुसऱ्या कशावर घेतलेली मी पाहिली नाही.

जत्रेच्या आदल्या दुपारी मी कागद पुस्तकात ठेवून वाचला. मास्तर मेला तेव्हा बायका रडल्या. तानुबाईने पदर तोंडाला लावला. "मेला कॉफी पिऊपिऊ," ती म्हणाली, पण रडतच.

काकी रडली नाही. तिने हातातला हार खाली ठेवला.

"पुस्तक दे इकडं."

मी दिलं नाही. तिने ते ओढूनच घेतलं. माझा अंगठा होता तिथून मागची पानं तिने बोटाने सोडली. एक, दोन, तीन. आठ पानं निघाली.

"सुमतीची गोष्ट सरली ना? मंग ही आठ पानं कायची हायेत?"

मग तिला तो कागद दिसला. तिने तो पानाशेजारी धरला.

"हे काळं हाय, हे निळं हाय. हे छापेल हाय, हे हातानं लिहेल हाय. मले वाचता येत नाई, कौसे. मले दिसते."

"काकी..."

"आजवर अकरा पुस्तकं आयकली म्या तुह्या तोंडून. एकातबी असं झालं नाई. भांडतात, रुसतात, गाडी चुकते, चिठ्ठी हरपते. पन अखेरीले तो येतेच. त्याच्यासाठीच तं आयकतो ना आमी! नाई तं मरनं आमाले घरी पाहाले भेटत नाई का? खरं काय हाय ते वाच."

मी रडायला लागले. खरं वाचलं असतं तर शाळा गेली असती. मी वाचलं नाही.

मळ्याच्या वाटेवरून भगवंतभाऊ येत होता. तो बहुतेक कौल कसा लागला ते पाहायला आला होता. काकी उठली आणि तो कागद तिने त्याच्या छातीवर ठेवला.

"हे तुह्यं अक्षर हाय ना?"

"काकी, असल्या पुस्तकांनी बायका बिघडतात. मी तुमच्या भल्यासाठी..."

"आनली कोनं? तूच ना? सायकलीवर घालून? तू वाचलं तं शिक्षन, न म्या आयकलं तं बिघडली?"

"घराण्याची इज्जत असते काही. अकोल्याच्या लोकांना काय तोंड दाखवू?"

"इज्जत!" काकीचा आवाज मी तोपर्यंत इतका मोठा ऐकला नव्हता. मोटेवरचे गडी वळून पाहू लागले. "तुह्या आजीचा पाट लागला होता, भगवंता. तुले मालूम नाई? पयला नवरा मेला, मंग ती तुह्या आज्याच्या घरी आली. त्या पाटाचं लेकरू म्हंजे तुहा बाप. इचार त्याले. तो पाट नसता तं तू कोठून आला असता रे, कॉलेजात जाऊन पाट बंद कराले?"

वडील बांधावर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. भाऊ त्यांच्याकडे पाहू लागला, त्यांनी नाही म्हणावं म्हणून. वडील खाली वाकले, वाफ्यातलं गवत उपटू लागले आणि म्हणाले, "खरं हाय ते."

बस. तेवढंच. त्यांनी भाऊला थांबवलं नाही, काकीलाही हो म्हटलं नाही. मला त्यांचाही राग येतो, पण तो थोडा कमी.

दुसऱ्या दिवशी काकी तानुबाईबरोबर बैलगाडीने कौंडण्यपूरच्या जत्रेला गेली. पुस्तक तिने बरोबर नेलं. पुढचं मला तानुबाईने सांगितलं. वर्धा नदीच्या काठी सहदेव भेटला तेव्हा काकीने हो-नाही काहीच म्हटलं नाही. त्याच्या हातात पुस्तक दिलं.

"मागची आठ पानं वाच. मंग सांगीन."

सहदेव दुसरीपर्यंत शिकलेला. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचू लागला. मागून जत्रेतली माणसं येत-जात होती, कोणी त्याला कीर्तनकार समजून समोर बसलंही. "आठ पानाले त्यानं उन्हं उतरवली," तानुबाई म्हणाली. "मास्तरनं तिचा हात धरला तवा तं मले झोप लागली होती." शेवटची ओळ झाली तेव्हा त्याने पुस्तक मिटलं आणि काकीला विचारलं, "तुले काय वाटते?"

तानुबाई शपथेवर सांगे की त्याने असंच विचारलं. काकी मळ्यात परत आली नाही. मोर्शीला पाट लागला, आमच्या घरचं कोणी गेलं नाही.

अकोल्याची सोयरीक मोडली नाही. माघ महिन्यात भाऊचं लग्न झालं. जमुनावहिनी घरी आली, तिची पेटी उघडायला मी बसले, तर लुगड्यांच्या खाली तसलीच नऊ पुस्तकं. मग हसत हसत तिने सांगितलं, तिच्या सख्ख्या आत्याचा दोन वर्षांपूर्वीच पाट लागला होता. घरात तो विषय कोणाला विशेष वाटलाही नव्हता. भाऊने त्या लोकांना कधी विचारलंच नव्हतं. नुसतं स्वतःच्या मनाने भिऊन त्याने एका बाईचं आयुष्य पुसायला घेतलं होतं. वहिनीला तिची पुस्तकं त्याने उघड वाचू दिली. मला मात्र शाळेत घातलं नाही. "बाबांशी बोलायला वेळ झाला नाही," म्हणाला. मी पुढचं सगळं घरीच शिकले.

त्या जत्रेनंतर सहा-सात वर्षांनी, माझं लग्न झाल्यावर, मी मोर्शीला काकीकडे गेले. बरोबर नवं पुस्तक नेलं होतं. काकी अंगाने भरली होती, दोन पोरं होती, ओसरीभर संत्री. तिने मला जवळ घेतलं, पुरणाचं जेवू घातलं, माझी पिशवी संत्र्यांनी भरली. जेवणं झाल्यावर मी पुस्तक काढलं.

"काकी, वाचू?"

तिने पुस्तक घेतलं, मागून-पुढून पाहिलं.

"छान हाय. ठेव. सहदेव येते आता."

सहदेव बागेतून आला, हात धुतले, चष्मा लावला आणि पाय पसरून बसला. पहिल्या ओळीपासून तेच, एकेक अक्षर, बोट ठेवून. काकी गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकू लागली. मी शेजारी बसले होते. ते पान मी एका दमात वाचलं असतं. एका जोडाक्षराशी तो अडला, मागे गेला, पुन्हा अडला. मला राहवलं नाही. मी पुढचा शब्द सांगितला.

काकीने माझ्याकडे पाहिलं.

"त्याले वाचू दे," ती म्हणाली.